घरचे शेवटच्या पंगतीला

आमच्या घरात 'नको' हा शब्द तीनदा म्हटल्याशिवाय खरा धरत नसत. पहिला नको संकोचाचा, दुसरा रीतीचा. तिसऱ्या वेळी पाहुण्याने पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले, तरच त्याचं पोट भरलं असं मानायचं. हा नियम बाबांचा. बाबा सुलतानपुरात गवंडीकाम करत, पण वस्तीत त्यांची खरी ओळख वेगळी होती. लग्न असो, बुद्धपौर्णिमा असो की कुणाच्या घरचं मयतानंतरचं पुण्यानुमोदन, पंगत बसायची म्हटली की पहिली हाक बाबांना. दिवसभर माल कालवून भेगाळलेले हात ते राखेने घासून धूत, धुतलेली बंडी घालत आणि वरणाची बादली स्वतः घेत. विहाराच्या ओट्यावर बसून मी त्यांचं वाढणं पाहत असे. ते एका माणसासमोर कधी खोळंबत नसत. समोरचा घास चावत असला, द्रोण मोकळा करत असला, तर ते पुढे निघून जात. नजर मात्र सगळ्या ओळीवर असे. कुणाचा भात कोरडा पडला, कुणी बोटाने द्रोण जरासा पुढे सरकवला, की बादली तिथे पोचलीच. 'वरण, वरण, वरण' असा त्यांचा आवाज ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राही.

त्यांचा दुसरा नियम होता, घरचे शेवटच्या पंगतीला. ज्याच्या घरचं कार्य त्याने आणि त्याच्या माणसांनी सगळे पाहुणे उठल्यावर बसायचं, उरलं असेल ते खायचं. वाढणारेही घरचेच धरत, म्हणून आम्हीही कायम शेवटच्या पंगतीत. कितीदा तरी वांग्याच्या भाजीत नुसता रस्सा असे आणि बुंदीच्या टोपल्यात चुरा. बाबा तो चुरा मोठ्या समाधानाने खात. ती रीत चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांच्या पंगतीत ती मोठेपणाची होती. पण आमच्या चुलीपाशी तीच रीत माय आणि ताईच्या वाट्याला रोज येत होती, आणि तिथे पहिल्या पंगतीचा पाहुणा नेहमी मी असे.

संध्याकाळी विहारातली वंदना संपली की घराघरांतून भाकरी थापण्याचा आवाज सुरू होई. मायची थाप जड आणि सावकाश, ताईची हलकी आणि पटापट. डोळे मिटूनही मी सांगू शके की आता परातीवर कोण बसलं आहे. तव्यावरची पहिली फुगलेली भाकर माझ्या ताटात पडे, वर बेसन, कडेला लाल तिखटाचा भुरका, कांदा हाताने फोडलेला. ताई म्हणजे सुनंदा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी दहावीत मिळवले त्यापेक्षा चांगल्या गुणांनी ती बारावी पास झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. सुलतानपुरात एक नर्सबाई लसीकरणाला यायच्या, पांढरी साडी, खांद्याला डबा; ताई त्यांच्या मागे मागे घरोघर फिरे. पण तिचं नर्सिंगचं कॉलेज सुरू होण्याची आणि माझं पॉलिटेक्निक लागण्याची वेळ एकच आली. घरात भांडण झालं नाही, बैठक बसली नाही. एका सकाळी ताई मायसोबत सोयाबीनच्या निंदणीला मजुरीने निघून गेली आणि मी बाहेरगावी शिकायला गेलो, एवढंच. मला कुणी विचारलं नाही, हे खरं. मीही कुणाला विचारलं नाही, हेही तेवढंच खरं. आज पन्नाशीकडे झुकताना आरशात पाहतो तेव्हा या दुसऱ्या वाक्यापाशी मी नेहमी अडतो.

डिप्लोमा झाल्यावर मी मेहकरला विनोदभाऊंकडे कामाला लागलो. विनोदभाऊंच्या घरी भाजीपाल्याची वाडी. खाली त्यांच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान आणि वर माडीवर विनोदभाऊंनी हौसेने काढलेलं इंटरनेटचं दुकान. जिन्यात कायम बियाण्याच्या पाकिटांचा आणि औषधांचा उग्र वास. माडीवर सहा कंप्युटर आणि त्या सगळ्यांत मिळून एकच टेलिफोनची लाइन. एकाने गाणी उतरवायला लावली की बाकीचे पाच जण पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसत. विनोदभाऊ मनाने चांगले, जिभेने तिखट. "मिलिंद, तू डिप्लोमावाला ना बे? मंग या लाइनीचं काही तरी कर. नाही तं तुले खाली मेथीचं बी मोजाले बसवतो."

मी केलं. अडगळीत एक सातवा कंप्युटर पडून होता, त्याला झाकणही नव्हतं. त्यावर मी प्रॉक्सी सर्व्हर लिहायला घेतला. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. सहांनी थेट बाहेर जायचं नाही. जे हवं ते याला सांगायचं, हा बाहेरून मागून आणणार आणि ज्याचं त्याला देणार. दोघांनी एकच पान मागितलं तर एकदाच आणून दोघांना वाढणार. पायथन भाषेची एक सीडी माझ्याकडे होती आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना वेळ होता. पहिला प्रोग्राम मी कुणीही लिहील तसा लिहिला: एकाची मागणी घे, बाहेर जा, उत्तर येईपर्यंत थांब, आणून दे, मग दुसऱ्याकडे वळ. एकाचं पान अडकलं की सगळे अडकले. विनोदभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "हे तं पहिल्यापेक्षाही बेकार झालं." मग मी दर मागणीमागे एक स्वतंत्र कामकरी सोडला, थ्रेड म्हणतात त्याला. त्या म्हाताऱ्या मशीनला ते झेपेना. वाढपी इतके झाले की पंगतीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मशीन घरघर करी आणि थिजून जाई.

त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो असताना मला बाबांची चाल आठवली. एकच माणूस, एकच बादली आणि अख्खी ओळ. तो वाट पाहत नाही. जिथे द्रोण पुढे सरकतो तिथे जातो. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम मोडून नव्याने लिहिला. एकच फेरा. फेऱ्यात सगळ्या जोडण्या. जिच्यात काही आलं असेल ते उचलायचं, जिच्यात नाही ती सोडून पुढे जायचं, कुणासमोर थांबायचं नाही. याला असिंक्रोनस पद्धत म्हणतात, हे मला नंतर कळलं. आता माझ्या हाताखालची पोरं 'अवेट' एवढा एक शब्द लिहितात आणि हे सगळं आपोआप होतं. त्यांच्या हाताशी तयार पायऱ्या आहेत याचं मला वाईट वाटत नाही. पण मी तो फेरा हाताने, ओळ न् ओळ लिहिला होता, याचा अभिमान मात्र मी लपवत नाही. संध्याकाळी सहाही पडदे एकदम हलायला लागले तेव्हा विनोदभाऊंनी खालून सहा कप चहा मागवला आणि ते सगळे मलाच पाजले.

त्याच आनंदात मी त्यात एक घरची रीत घातली. आमची लाइन वरचेवर अडके. पान अर्धवट येऊन थांबे. म्हणून मी लिहिलं, की थोडा वेळ उत्तर आलं नाही तर ती जोडणी तोडून पुन्हा मागायचं, तरी नाही आलं तर आणखी एकदा. तीनदा. पहिला नकार मनावर घ्यायचाच नाही. अडकलेली पानं खरोखर दुसऱ्या मागणीला येऊ लागली. मी बाबांना घरी सांगितलं, "माझा प्रोग्राम पण आग्रह करते." बाबा भाकर मोडता मोडता थांबले आणि मायला म्हणाले, "पाह्य वं, पोरगं वळणावर गेलं."

तेव्हाच नर्सिंगच्या प्रवेशाची बातमी आली. तो अर्ज पहिल्यांदाच इंटरनेटवरून भरायचा होता. ताईचं वय त्या वर्षी शेवटचं बसत होतं. शिवाय जालन्याकडचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं होतं आणि बाबांनी त्यांना शब्द दिला होता, की पोरीला यंदा नंबर लागला नाही तर बोलणी पुढे नेऊ.  ताईने सगळे दाखले जमवून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि ती पिशवी उशाखाली ठेवून झोपू लागली. एका दाखल्यासाठी तिला इतके खेटे घालावे लागले, की तो हातात आला तेव्हा अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी पाच वाजता साइट बंद होणार होती.

सकाळच्या एसटीने आम्ही तिघे निघालो. बाबांनी त्या दिवशी काम बुडवलं. मायने डबा दिला होता तो तिघांचा नव्हता. तिला तेवढाच डबा भरताच येत नसे, कुणी सोबत बसलं तर काय करता, म्हणून दुप्पट भाकरी. मेहकरला पोचलो तर जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या पोरींचा दाखला बहुधा शेवटच्या दिवशीच मिळाला होता. कुणासोबत भाऊ, कुणासोबत मामा, कडेवर भाचरं. आत सहाही पडदे पांढरे. माझा प्रोग्राम सकाळपासून पळत होता आणि एकही पान येत नव्हतं.

मी आधी लाइनीला दोष दिला, मग त्या लांबच्या साइटला. महाराष्ट्रभराच्या पोरी त्या एका दारात उभ्या असतील, उशीर लागणारच. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली साखरखेर्ड्याची वर्षा एकदम उभी राहून ओरडली. तिच्या पडद्यावर इतक्या वेळाने एक ओळ आली होती: या उमेदवाराचा अर्ज आधीच नोंदवला आहे.

"माह्या नावानं कोणी भरला?" ती रडायलाच लागली. "मी तं एकदाच दाबलं जी! आईची आन, एकदाच!"

विनोदभाऊ माझ्याकडे वळले. "काय बे, हे काय करून राह्यला तुहा डब्बा?"

चूक शोधत मी झाकण नसलेल्या त्या मशीनसमोर उकिडवा बसलो होतो, आणि नेमके तेव्हा बाबा डबा घेऊन माझ्याजवळ आले. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मिल्या, दोन घास खाऊन घे."

"नको बाबा."

"अर्धी भाकर खाय. बेसन गरम आहे अजून."

"नको म्हटलं ना."

"असं कसं नको? पोटात काही नाही तं डोकं कसं चालन? घे, हात पुढं कर."

मी त्यांच्यावर सगळ्यांदेखत खेकसलो. "बाबा, मले काम करू द्या! दर वेळी तुमच्याकडं पाहू का कीबोर्डाकडं पाहू? भूक लागली की मीच सांगतो!"

बाबा डबा घेऊन मागे सरकले. आणि माझे हात कीबोर्डवर तसेच थांबले, कारण जे मी आत्ता बोललो होतो ते त्या लांबच्या साइटने माझ्या प्रोग्रामला सांगायला हवं होतं. माझा प्रोग्राम तिला श्वास घेऊ देत नव्हता. तिकडे लांबच लांब रांग लागली होती. आमचा नंबर जवळ येत असतानाच माझा फेरा म्हणे, उत्तर आलं नाही, चला, रांग सोडून पुन्हा शेवटी उभे राहू. सहा जणांसाठी तीन तीन वेळा. म्हणून पानं येत नव्हती. आणि वर्षाचा अर्ज पहिल्याच मागणीला तिकडे पोचला होता. उत्तर यायच्या आत माझ्या प्रोग्रामने तो आग्रहाने दुसऱ्यांदा पाठवला. त्या काळी बहुतेक साइटी उघड्याच असत, आतासारखं कुलूप नसे, म्हणून मधल्या माणसाला असा आगाऊपणा करता येई. पाहुण्याच्या नकारावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमची रीत मी अशा ठिकाणी घातली होती, जिथे समोरच्याने अजून नकार दिलाच नव्हता. तो फक्त चावत होता.

मी मशीन बंद केलं आणि उभा राहिलो. मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती. "वर्षाताई, तुमचा अर्ज कोणी दुसऱ्यानं नाही भरला. तुमचाच पोचला. माह्या प्रोग्रामनं तो दोनदा पाठवला. चूक माही आहे. मले थोडा वेळ द्या, मी सुधरवतो."

जिन्यावरून कुणी तरी म्हणालं, "म्हणजे आता हा आमच्या पोरींवर शिकून राह्यला!" आणि ते अगदी खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

विनोदभाऊंनी घड्याळ पाहिलं. लाइन एका कंप्युटरला थेट जोडली तर एकेक अर्ज जाऊ शकत होता, पण एवढ्या पोरी पाचच्या आत होणं शक्य नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ऐक. तुही बहीण आहे ना ती? तिचा अर्ज थेट लाइनीवर पहिले टाकून दे. मंग करत बस तुही दुरुस्ती. दुकान माहं आहे, मी म्हणतो."

मी ताईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून ती भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, आता तरी. एवढ्या वर्षांत एकदा तरी ही पहिली बसू दे. मी तिचा हात धरून खुर्चीकडे नेऊ लागलो. बाबा दारात होते. त्यांनी फक्त मान फिरवली. जालन्याच्या स्थळाला दिलेला शब्द त्या दिवशी त्यांनाही जड झाला असावा.

"थांब," ताई म्हणाली. "हे दुकान कोणाचं? तू इथं कामाले आहेस. हा डब्बा तू बनवला. म्हणजे कार्य आपलं. आपण घरचे."

"ताई, पाच वाजता बंद होते ते. घरच्यांले काही उरलंच नाही तं?"

"मंग उरंल असं कर," ती म्हणाली. "त्या लाइनीवर आधी ह्या पोरीचं पाह्य. तिचं रडणं थांबव. आणि तू बस."

मी बसलो. त्या दुपारबद्दल मला फार काही आठवत नाही, हात चालत होते एवढंच. तीनदा विचारण्याच्या त्या सगळ्या ओळी मी काढून टाकल्या. त्या काढताना मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या जागी नवं लिहिलं: मागणी एकदाच करायची, ती केली आहे असं लक्षात ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. दर फेऱ्याला 'आलं का, आलं का' विचारत फिरायचं नाही. मशीनलाच सांगून ठेवायचं, की या सगळ्या जोडण्यांपैकी कुठे काही हललं तर मला उठव. तोवर मी शांत. कोरा अर्ज, त्यावरची चित्रं, सूचनांचं पान, हे सगळ्यांना सारखंच लागणारं एकदा आणून ठेवायचं आणि घरातूनच वाढायचं. भरलेला अर्ज मात्र जीव गेला तरी दुसऱ्यांदा पाठवायचा नाही.

मधूनमधून बाहेरचे आवाज कानावर येत. बाबांनी जिन्यावरची सगळी गर्दी खाली नेली होती आणि बियाण्यांच्या दुकानाच्या ओट्यावर ताडपत्री अंथरून सगळ्यांना चक्क ओळीने बसवलं होतं. "ए मामा, मधात घुसू नका, पंगत मोडते. बाई, तुमची पोरगी कोणाच्या मांगं? हां, तिथंच बसा. दाखले मांडीवर काढून ठेवा, वर गेल्यावर पिशवीत शोधत बसू नका." मग त्यांचा आवाज मऊ होई. "घ्या ना, अर्धी भाकर तरी घ्या. असं कसं नको?" विनोदभाऊंचे वडील गल्ल्यावरून हसत होते: "या बुवानं माह्या दुकानाचं मंगल कार्यालय करून टाकलं."

वर थेट लाइनीवर विनोदभाऊंनी वर्षाचा अर्ज उघडून पाहिला. तो व्यवस्थित नोंदला गेला होता. त्यांनी त्याची प्रिंट काढून तिच्या हातात दिली, तेव्हा ती माझ्याकडे बघून नुसती नाक पुसत हसली. तेवढ्यावर मी पुढची ओळ लिहिली.

मशीन सुरू केलं तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. बाबांनी पहिल्या सहा जणींना वर पाठवलं. कोरा अर्ज सहाही पडद्यांवर लगेच उमटला. पोरींनी भरला, दाबला. पडदे पांढरे झाले.  माझ्या मशीनचा पंखा, जो सकाळपासून किंचाळत होता, तो आता हळू फिरत होता, कारण त्याला करायला काही नव्हतं. सगळ्यांच्या वतीने तो फक्त वाट पाहत होता. मग चौथ्या कंप्युटरवर पावती आली. मग पहिल्या. मग दोन एकदम. आमची लाइन काही वेगवान झाली नव्हती, पण कुणी कुणाला अडवत नव्हतं. सहा जणी उतरत आणि सहा चढत. खालून बाबांची हाक येई, "पुढची ओळ!" आणि जिन्यात चपलांचा आवाज होई. त्या आवाजाइतका मान मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळालेला नाही. पुण्यातल्या नोकरीत सुरुवातीला माझ्या 'मले-तुले'ला लोक हसायचे तेव्हा मी तो आवाज आठवून गप्प राहत असे.

ताई सगळ्यात शेवटी बसली. खुर्च्या सहा असून तिने कोपऱ्यातली घेतली. पाच वाजायला फार वेळ नव्हता. तिने एकेक रकाना सावकाश भरला, मी मागे उभा. तिने बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. पडदा पांढरा झाला.

तो पांढराच राहिला. शेवटच्या घटकेला अख्खा मुलूख त्या दारात घुसत असणार. बाबा वर येऊन उभे राहिले. विनोदभाऊ अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होते. "दाब ना बे आणखी एकदा! अटकलं असंल. एकदा दाबून पाहाले काय जाते?"

माझा हात माऊसकडे गेला होता. आयुष्यभर जे पाहिलं होतं ते सगळं त्या हातात होतं: पहिल्यांदा कुणी देत नाही, पुन्हा विचार, आणखी विचार. बाबांकडे पाहिलं तर त्यांचेही ओठ हलत होते. ताईने मागे न पाहता विचारलं, "मिल्या, तू लिहिलं ना हे?"

"हाव."

"पोचलं असंल ना?"

"रांगेत आहे, ताई. आपण हललो तं नंबर जाईन."

"मंग राहू दे," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली. खाली बियाण्याचं पोतं कुणी तरी ओढलं. बसस्टँडवर चिखलीची गाडी लागल्याची घोषणा झाली. मग ताईचा खांदा एकदम खाली आला, जसा डोक्यावरचा भारा उतरवताना येतो. मी वळून पाहिलं. पडद्यावर तिचं नाव होतं, पूर्ण, बाबांच्या नावासकट, आणि त्याखाली अर्जाचा क्रमांक.

विनोदभाऊंनी इतक्या जोरात टाळी वाजवली की खालून त्यांच्या वडिलांनी काय झालं म्हणून ओरडून विचारलं. बाबांनी तो क्रमांक तीन वेळा वाचून घेतला.

तिचा नंबर लागला. आज ताई इन्चार्ज सिस्टर आहे. फोन केला तर "राऊंडवर आहे, मीच करते" म्हणते, आणि करतेच. जालन्याचं ते स्थळ कुठे गेलं आम्हाला माहीत नाही. तिने पुढे आपल्या मनाने लग्न केलं. मी केलेल्या त्या प्रोग्रामची दोन-तीन पानं विनोदभाऊंच्या माडीवर पुढे कित्येक वर्षं, लाइनी वेगवान होईपर्यंत, न थकता चालली. ताईच्या नोकरीचं श्रेय मी घेत नाही. परीक्षा तिने दिल्या, रात्रपाळ्या तिने केल्या. मी फक्त तिच्या आणि त्या दाराच्या मधला माणूस होतो, आणि त्या दिवशी मधल्या माणसाने आपलं काम नीट केलं. माझ्या मनावरचं ओझं त्याने फिटलं नाही. पण ते उचलायला कुठे हात घालायचा, एवढं मला त्या दिवशी कळलं.

सुलतानपूरची गाडी यायला वेळ होता. आम्ही तिघे बसस्टँडच्या बाकावर बसलो. ताई प्रिंट पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती आणि पुन्हा घडी करत होती. बाबा गाडीच्या वाटेकडे पाहत होते. दुपारी मी त्यांच्यावर खेकसलो होतो, ते दोघांच्याही लक्षात होतं, आणि आमच्याकडे बापलेकांत माफी मागायची रीत नाही.

"बाबा," मी म्हणालो, "भूक लागली."

त्यांनी पटकन डबा मांडीवर घेतला. झाकण उघडलं, आणि तसेच पाहत राहिले. मायच्या दुप्पट भाकरी, सगळं बेसन, कांदे, सगळं ओट्यावरच्या पंगतीत उठलं होतं. तळाशी भुरक्याचा लाल वळ आणि अर्धी भाकर.

"बाप्पा," ते ओशाळून म्हणाले, "ध्यानातच नाही राह्यलं. लोक नको नको म्हणत होते, अन् मी आपला वाढतच गेलो."

ताई इतकी हसली की बाकावरचे लोक वळून पाहू लागले. बाबांनी त्या अर्ध्या भाकरीचे तीन तुकडे केले, डब्याच्या तळाला पुसून घेतले, आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला.

मी तो घेऊन ताईच्या हातावर ठेवला. ती नको म्हणाली. मी पुन्हा धरला.

तिसऱ्यांदा तिने घेतला.